व्हिसलरचं 'ब्लॅक लायन व्हार्फ' : धक्क्याला लागलेल्या होड्यांचं एक एचिंग

मृद्गंधा

जेम्स मॅकनील व्हिसलर म्हटलं की काळ्या पोशाखात, एका बाजूला तोंड करून बसलेली त्याची आई डोळ्यांसमोर येते. पॅरिसच्या म्युझे दॉर्सेमधलं ते १८७१ चं तैलचित्र आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे छापलेलं पाहिलंय. पुढच्या वेळी ते समोर आलं की आईवरून नजर हलवून मागच्या भिंतीकडे न्या. पडद्याशेजारी एक आडवी चौकट टांगलेली दिसेल. आतलं काही नीट उमगत नाही, पण ते व्हिसलरचंच, बारा वर्षं आधीचं एचिंग (अॅसिडने खोदलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून काढलेला छाप) आहे : 'ब्लॅक लायन व्हार्फ', १८५९. हा धागा त्या चौकटीतल्या चित्राबद्दल आहे.

आकार फार छोटा, साधारण १५ बाय २३ सेंटिमीटर. लंडनच्या पूर्वेकडचा, टेम्स नदीवरचा वॉपिंगचा काठ. नदीपलीकडे गोदामांची लांबलचक रांग : लाकडी सज्जे, लहान लहान खिडक्या, कौलं, भिंतींवर रंगवलेल्या पाट्या. त्यांच्यापुढे धक्क्याला लागलेल्या होड्या आणि पडाव (माल वाहायच्या होड्या), वर डोलकाठ्या आणि दोर. आणि अगदी अलीकडे, आपल्या जवळ, होडीत बसलेला एक दाढीवाला गोदी कामगार.

आता गंमत बघा. जो माणूस आपल्या सर्वांत जवळ आहे तो चार मोकळ्या रेघांत आटपलाय. आणि जी गोदामं नदीपार आहेत त्यांची वीट न् वीट, फळी न् फळी दिसते. चित्रकलेच्या वर्गात आपल्याला नेमकं उलट शिकवतात : जवळचं ठसठशीत, लांबचं पुसट. व्हिसलरने बारीक काम सगळं लांबच्या काठावर खर्च केलं. मधलं पाणी तर जवळजवळ कोरा कागद आहे, होड्यांच्या पोटाखाली थोड्या आडव्या रेघा, बस्स. तरीही ते पाणीच वाटतं.

मला विचाराल तर या चित्राचं सगळं बळ इथेच आहे. काठावर उभे राहून आपण बंदर बघतो तेव्हा नजर पलीकडे लागलेली असते. शेजारी कोण बसलंय हे कळतं, पण आपण त्याच्याकडे बघत नसतो. व्हिसलरने बंदर काढलंच आहे, त्याबरोबर बंदराकडे बघणारी नजरही काढलीय.

थोडं त्याच्याविषयी. जन्म १८३४, अमेरिकेतला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १८५४ मध्ये त्याला काढून टाकलं, रसायनशास्त्रात गाडी अडली होती. मग वॉशिंग्टनला सरकारी किनारा-सर्वेक्षण खात्यात नोकरीला लागला. तिथे जेमतेम काही महिने टिकला, पण तांब्यावर सुईने काढून ते अॅसिडने खोदायचं तंत्र तिथेच शिकला. कॅलिफोर्नियाजवळच्या आनाकापा बेटाचं चित्र असलेल्या पत्र्यावर त्याने समुद्रपक्ष्यांचे थवे काढून ठेवले. सरकारी कामात ते कुणी मागितले नव्हते. ते पक्षी आजही त्या छापात उडताहेत, आणि मला ते फार आवडतात. पुढे पॅरिस, आणि १८५९ मध्ये लंडन. तिथे तो नदीकाठच्या वस्तीत जाऊन राहिला आणि तिथेच बसून हे पत्रे केले. सोळा एचिंगांचा संच म्हणून ते बाहेर आले मात्र १८७१ मध्ये.

ग्लासगो विद्यापीठाने व्हिसलरच्या सगळ्या एचिंगांची सूची नेटवर खुली ठेवलीय. मोठ्या आकारात चित्र उघडून, पाच मिनिटं निवांत बघून मग इथे लिहा. तुम्हाला काय दिसलं ते वाचायला आवडेल.

चिंतामणी_वाई

सुंदर धागा. आईच्या चित्रातली ती चौकट इतक्या वर्षांत कधी लक्षातच आली नव्हती, आत्ता उघडून बघितली. एक प्राथमिक प्रश्न : हे पेनाने कागदावर काढण्यापेक्षा वेगळं कसं? शेवटी रेघाच ना?

पितळी_कडी

चिंतामणीकाका, मी जे.जे.त प्रिंटमेकिंग केलंय, आजही माझं कामच ते आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तांब्याचा पत्रा घ्यायचा, घासूनपुसून आरशासारखा करायचा. (आम्ही विद्यार्थी जस्त वापरायचो, स्वस्त पडतं.) त्यावर मेण आणि डांबराच्या मिश्रणाचा पातळ थर चढवायचा, त्याला ग्राउंड म्हणतात. मेणबत्तीच्या काजळीने तो काळा करायचा, म्हणजे ओरखडा उठून दिसतो. मग सुईने चित्र काढायचं. सुई तांबं कापत नाही, फक्त मेण खरवडते. त्यामुळे हाताला अजिबात अडथळा नसतो, कागदावर टोकदार पेन्सिल फिरते तितकी मोकळी चालते. नंतर पत्रा अॅसिडमध्ये. जिथे मेण निघालंय तिथेच अॅसिड तांबं खातं. नायट्रिक असेल तर रेघेवर बारीक बुडबुडे धरतात, ते पक्ष्याच्या पिसाने हलक्या हाताने बाजूला करत राहायचं, नाहीतर रेघ तुटकी होते.

खरी कारागिरी पुढे आहे. काही मिनिटांनी पत्रा बाहेर काढायचा, ज्या रेघा नाजूक ठेवायच्या त्यांच्यावर वार्निश फासून त्या बंद करायच्या आणि पत्रा पुन्हा अॅसिडमध्ये सोडायचा. जितका वेळ जास्त तितकी रेघ खोल, आणि खोल रेघेत शाई जास्त बसते. म्हणजे गडद-फिकं हे हाताच्या दाबावर ठरत नाही, घड्याळावर ठरतं. 'ब्लॅक लायन व्हार्फ'मध्ये गोदामांच्या रेघा केसासारख्या आणि पुढच्या होडीच्या रेघा जाड आहेत, त्यातला फरक मुख्यतः अॅसिडमध्ये काढलेल्या वेळाचा.

मग मेण पुसायचं, शाई भरायची, जाळीच्या कडक कापडाने आणि शेवटी तळहाताने पत्रा पुसायचा. शाई फक्त खाचांत उरते. ओलसर कागद, वर लोकरी नमदा, आणि प्रेसच्या रुळाखालून दाबून काढायचं. कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून एचिंगमधली रेघ कागदावर किंचित उठलेली असते, तिरक्या उजेडात दिसते. पेनाच्या रेघेत ते नसतं.

पाण्याचा कोरेपणाही यातूनच समजून घ्या. कोरा भाग म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हे. तिथे पत्रा किती स्वच्छ पुसायचा, शाईची पुसट झाक ठेवायची की नाही, हे छापणारा दर वेळी ठरवतो. त्यामुळे एकाच पत्र्याचे दोन छाप तंतोतंत सारखे नसतात.

मृद्गंधा

पितळी_कडी, मनापासून आभार. घड्याळाचा मुद्दा वाचल्यावर पुढची होडी परत मोठी करून पाहिली, आता ती जास्त जड दिसतेय.

अनुजा_नाशिक

पाट्यांवरची अक्षरं सुलटी वाचता येतात. छापात सगळं उलटं उमटतं ना? मग?

पितळी_कडी

बरोबर पकडलंत ताई. पत्र्यावर डावीकडे असेल ते छापात उजवीकडे येतं. व्हिसलर जागेवर बसून थेट पत्र्यावर काढायचा, त्यामुळे त्याच्या छापांत देखावा बहुतेकदा उलटा येतो. पुढे व्हेनिसमध्ये तर ओळखीच्या इमारतीही त्याने उलट्या येऊ दिल्या. पण अक्षर सुलटं वाचता येतंय म्हणजे ते पत्र्यावर उलटं काढलेलं असणार. नकाशाच्या खात्यात काम केलेल्या माणसाला तो सराव असतो. आम्हाला जे.जे.त नुसती सही उलटी करताना घाम फुटायचा.

खाडीकाठ

चित्रकलेतलं मला काही कळत नाही, पण होड्यांतलं कळतं. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. म्हणून त्या बाजूने लिहितो.

मोठं करून पाहिलं. पहिली गोष्ट, दोर. ताणलेला दोर आणि ढिला दोर यांत या माणसाने फरक ठेवलाय. डोलकाठीला आधार देणारे दोर एका दमात सरळ ओढलेत, आणि जे नुसते लोंबताहेत त्यांना पोट आहे. नुसत्या फोटोवरून होडी काढणारे इथेच फसतात, त्यांचे सगळे दोर तारेसारखे ताठ असतात. असं काढायला बंदरावर बसून बघावं लागतं कुठल्या दोरावर वजन आहे ते.

दुसरी गोष्ट, होड्यांची गर्दी. बाहेरच्याला तो पसारा वाटेल, पण त्यात शिस्त असते. कोण कोणाला बांधलंय, कोणाच्या अंगावरून उतरून धक्क्यावर जायचं, आधी कोणाला बाहेर काढायचं, सगळं ठरलेलं. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर होड्या लागतात तेव्हा असंच दृश्य असतं.

टेम्सवरचे ते पडाव सपाट तळाचे असायचे ना? ओहोटीला चिखलावर टेकून बसायचे म्हणून?

टेम्सकाठी

हो, सपाट तळाचेच. लंडन ब्रिजपाशी उधाणाला भरती-ओहोटीत सहा-सात मीटरचा फरक पडतो, त्यामुळे ओहोटीला काठालगतचे पडाव चिखलात बसायचे. मोठी जहाजं नदीत उभी, आणि त्यांच्यातून माल उतरवून गोदामांपर्यंत आणायचा तो या पडावांतून. ते चालवणाऱ्यांची वेगळी जमातच होती, वर्षानुवर्षं उमेदवारी करून परवाना मिळवायचे.

मी लंडनमध्ये राहतो, कामावर जाताना रोज वॉपिंगवरून जातो. रेल्वे तिथे नदीखालून रॉदरहाइथला जाते, ब्रुनेल बापलेकांनी बांधलेल्या १८४३ च्या बोगद्यातून. म्हणजे व्हिसलर वर बसून चित्र काढत होता तेव्हा हा बोगदा खाली होताच, त्या काळी लोक त्यातून चालत जायचे. आज काठावरच्या जुन्या गोदामांचे महागडे फ्लॅट झालेत. शेजारची सेंट कॅथरिन गोदी १९६८ मध्ये बंद झाली, आता तिथे हौशी लोकांच्या बोटी उभ्या असतात. मात्र नदीत उतरणाऱ्या जुन्या पायऱ्या अजून काही ठिकाणी आहेत. दोन इमारतींच्या मधल्या अरुंद बोळातून जायचं आणि एकदम पाणी समोर. शेवाळलेल्या पायऱ्या, खाली ओहोटीला उघडी पडलेली खडी. व्हिसलरला पाणी ज्या उंचीवरून दिसलं ती उंची कळायला तिथे खाली उतरून उभं राहावं लागतं. पाण्याच्या पातळीजवळ डोळा नेला की पलीकडचा काठ एका पट्ट्यासारखा पसरतो आणि मधलं पाणी आक्रसतं. चित्रात तेच आहे.

एक संदर्भ जोडतो. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सला इतकी दुर्गंधी सुटली होती की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये (ब्लीचिंग पावडरमध्ये) भिजवून लावले होते. शहराचं सगळं सांडपाणी नदीत. पुढच्याच वर्षी हा तरुण त्या नदीकाठी मुक्काम टाकून बसतो. सभ्य वस्तीतले लोक जिथे पाऊल ठेवायचे नाहीत तिथे तो बसला होता, हे विसरून ते चित्र बघू नये असं मला वाटतं.

खाडीकाठ

माहितीबद्दल आभार टेम्सकाठी. बंदराला वास असतोच. वास सहन न होणाऱ्याला बंदर काढता येणार नाही.

सुबोध_क

विरोधी सूर लावतो, राग नसावा. मी हे एचिंग लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासिकेत प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिलंय. गोदामांचं काम थक्क करणारं आहे, वाद नाही. पण पुढचा माणूस मला अर्धवट सोडलेला वाटतो. नजरेचा सिद्धांत सुंदर आहे, तरी तरुण चित्रकाराला मानवाकृतीत रस कमी होता असं साधं उत्तरही असू शकतं.

मला त्याचा व्हेनिसचा काळ जास्त मोठा वाटतो. १८७८ मध्ये टीकाकार रस्किनवर अब्रूनुकसानीचा दावा लावला, जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खर्चाने दिवाळं निघालं. १८७९ मध्ये फाइन आर्ट सोसायटीने बारा एचिंगांचं काम देऊन त्याला व्हेनिसला पाठवलं. तीन महिन्यांचं काम, तो वर्षाहून जास्त राहिला आणि पन्नासच्या आसपास पत्रे केले. तिथे त्याने रेघा कमी कमी करत नेल्या. क्षितिजावर दोन-चार गलबतं, बाकी सगळं पत्र्यावर राखलेल्या शाईच्या झाकेने साधलेलं. संध्याकाळ, धुकं, पाणी. टेम्सच्या चित्रांत तो सगळं सांगून टाकतो, व्हेनिसमध्ये राखून ठेवायला शिकला.

मृद्गंधा

सुबोध, राग कसला, असे प्रतिसाद हवेच आहेत. तुम्ही छाप प्रत्यक्ष हाताळलाय त्यामुळे तुमच्या शब्दाला वजन आहे.

व्हेनिसबद्दल पूर्ण सहमत. पुढच्या माणसाबद्दल मात्र नाही. टेम्सच्याच संचातलं 'रॉदरहाइथ', १८६० चं, बघा. नदीकाठच्या खानावळीच्या सज्जात दोन माणसं बसलीत आणि मागे डोलकाठ्यांचं जंगल. तिथे त्याने चेहरे, हात, कपड्यांच्या चुण्या नीट, मन लावून काढल्यात. 'लाइम-बर्नर'मधला गोदामाच्या दारातला माणूस घ्या, तोही नेमका आहे. म्हणजे मानवाकृतीत रस होता आणि हातही बसलेला होता. 'ब्लॅक लायन व्हार्फ'मध्ये माणूस मोकळा सोडला तो ठरवूनच, असं माझं ठाम मत आहे.

आणि टेम्समध्ये तो सगळं सांगून टाकतो म्हणता, तर पाण्याचं काय? अर्ध्याहून कमी जागेत तपशील आहे, बाकी कागद. रेघा कमी करायची सुरुवात मला तिथेच दिसते. व्हेनिसला त्याने तीच गोष्ट पुढे नेली. वीस वर्षं लागली त्याला काठाकडून पाण्याकडे यायला.

सुबोध_क

'लाइम-बर्नर'चा दाखला पटला. माणसाचा मुद्दा मागे घेतो. वीस वर्षांच्या प्रवासाबद्दल विचार करतो, दोन्ही संच शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवेत.

टेम्सकाठी

फ्रेंच कवी बोदलेरने १८६२ मध्ये ही टेम्सची चित्रं पॅरिसच्या प्रदर्शनात पाहून त्यांवर लिहिलं होतं. त्याला त्यांत दोरखंड आणि डोलकाठ्यांचा गुंता, धूर, धुकं आणि त्यातून एका अफाट शहराची गुंतागुंतीची कविता दिसली. म्हणजे खाडीकाठ यांना जे दोर दिसले तेच कवीलाही पहिल्यांदा दिसले.

गिरगावकर_७१

१८५९ वाचून आपल्या मुंबईचा विचार आला. जे.जे. स्कूल सुरू झालं १८५७ मध्ये, म्हणजे हे एचिंग झालं तेव्हा ती शाळा दोन वर्षांची होती. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा. त्याआधी मोठी जहाजं बाहेर नांगरावर उभी राहायची आणि माल पडावांतून बंदरावर यायचा, लंडनसारखाच. मस्जिद बंदर, कर्नाक बंदर, चिंच बंदर ही नावं त्याच काळाची. पडाववाले, नाखवे, तांडेल, हमाल, सगळा पसारा इथेही होता. त्या काठाची अशी, धक्क्यावर बसून पाण्याच्या उंचीवरून केलेली एचिंग्ज असायला हवी होती याची हळहळ वाटते. साहेबांनी काढलेली मुंबईची चित्रं लांबून, उंचावरून घेतलेले देखावे आहेत. त्यांत टेकड्या आणि आकाश जास्त, दोरावर कुणाचं वजन आहे ते दिसत नाही.

पितळी_कडी

गिरगावकर, मनातलं बोललात. आपल्याकडे एचिंगची शिस्तशीर ओळख करून देणाऱ्यांत मुकुल दे यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. शांतिनिकेतनचे विद्यार्थी, १९१६ मध्ये टागोरांबरोबर जपानमार्गे अमेरिकेला गेले आणि शिकागोत एचिंग शिकले. पुढे लंडनलाही शिकले. १९२८ मध्ये कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. नदी आणि नावा त्यांच्या कामातही येतात.

आमच्या वेळी सगळे विद्यार्थी ससून डॉकला स्केचिंगला जायचे. पहाटे. ती स्केचेस कागदावरच राहिली, पत्र्यावर फार कमी आली, कारण पत्रा महाग आणि अॅसिडची जागा मर्यादित. हा धागा वाचून एक पत्रा घेऊन थेट भाऊच्या धक्क्यावर बसायची इच्छा झालीय. ग्राउंड आधी चढवून न्यायचा, उन्हात मेण मऊ पडतं तेवढं सांभाळायचं.

खाडीकाठ

कधी जाणार ते कळवा. पहाटे होड्या लागतात तेव्हा या, मी बरोबर येतो. कुठे बसलं म्हणजे मालाच्या वाटेत येणार नाही ते दाखवतो.

अनुजा_नाशिक

वा! झालेला छाप इथे नक्की टाका.

मृद्गंधाताई, एक व्यवहाराचा प्रश्न. जुन्या वस्तूंच्या दुकानात असलं काही दिसलं, तर खरं एचिंग आणि पुस्तकातून फाडून चौकटीत घातलेलं पान यांत फरक कसा करायचा?

मृद्गंधा

अनुजा, दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेव. चित्र ठिपक्याठिपक्यांचं दिसलं तर ते ऑफसेट छपाईचं पान, विषय संपला. अखंड काळी रेघ दिसली तर कागद तिरक्या उजेडात धर. शाई किंचित वर आलेली दिसायला हवी, आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा आयताकृती दाब. पण नुसत्या दाबावर विसंबू नकोस, तो नकली छापांवरही मुद्दाम देतात. मोठा समास नाही म्हणून घाईने नाकारूही नकोस. व्हिसलर पुढे पुढे स्वतःच समास कापून टाकायचा आणि खाली एक छोटी जीभ ठेवून तिच्यावर पेन्सिलीने फुलपाखराची खूण करायचा. टेम्सची चित्रं त्याआधीची, त्यामुळे त्यांच्या बऱ्याच छापांवर ती खूण मिळणार नाही.

आणखी एक. तांबं मऊ असतं. छाप काढत गेलं की बारीक रेघा आधी झिजतात, म्हणून पत्र्यावर लोखंडाचा पातळ मुलामा द्यायची पद्धत आली. गोदामांच्या खिडक्यांतल्या सगळ्यांत बारीक रेघा बघ. त्या स्वच्छ, एकमेकींपासून सुट्या असतील तर छाप चांगला. तिथे राखाडी धूसरपणा आला असेल तर पत्रा थकल्यावर काढलेला आहे. विकत घेण्याआधी पितळी_कडींना फोटो पाठव, मागच्या बाजूचाही.

पितळी_कडी

आनंदाने बघेन. मागच्या बाजूला खोल रेघांच्या जागी कागद किंचित आत दबलेला दिसतो, तोही फोटो हवा, तिरक्या उजेडातला.